अकरा दुकानांचा तक्ता

सातशे वीस रुपयांपायी दामोदररावांनी पिराजीला गमावलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच शेवटपर्यंत तुम्हाला वाटायला नको, की आता समेट होईल, मग चहा होईल आणि सगळं गोड होईल. चहा झाला नाही.

दामोदरराव म्हणजे कानडी मुलखातल्या येलहंक्यातले जुने रहिवासी. साताऱ्याहून नोकरीला आले ते इथलेच झाले. एका सरकारी कारखान्याच्या खरेदी खात्यात बत्तीस वर्षं काढली आणि सन्मानानं निवृत्त झाले. खरेदी खात्याची रीत ठाऊक आहे ना? तीन ठिकाणचे लेखी भाव हातात आल्याशिवाय टाचणीसुद्धा घ्यायची नाही. सगळे भाव एका तक्त्यात मांडायचे आणि सगळ्यात कमी ज्याचा, त्याच्याकडून माल घ्यायचा. माणूस निवृत्त झाला, पण तक्ता काही निवृत्त झाला नाही. पंखा घ्यायचा, तक्ता. चष्मा करायचा, तक्ता. मुलीच्या लग्नात आचारी ठरवतानाही यांनी तक्ता केला होता, आणि सगळ्यात स्वस्त आचाऱ्यानं पंगतीत मठ्ठ्याऐवजी ताकाचं पाणी वाढलं होतं. नयनाताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, ती गोष्ट अजून आल्यागेल्याला रंगवून सांगतात.

आणि पिराजी? येलहंक्याच्या जुन्या गावात, बाजाराच्या तोंडाशी त्याचं टायरचं दुकान होतं. मूळचा निपाणीकडचा. घरी मराठी, बाहेर कानडी, आणि दोन्हींची अशी सरमिसळ की ऐकणाऱ्यानं आपापल्या सोयीनं वेचून घ्यावं. चौदा वर्षांपूर्वी त्यानं दुकान उघडलं त्या सकाळी पहिली गाडी आली ती दामोदररावांची मोटरसायकल. नवी कोरी, आणि मागच्या चाकात खिळा. पंक्चरचे पैसे देताना दामोदररावांनी पाच रुपयांची घासाघीस केली. ती करता करता दोघांना एकमेकांची मराठी ऐकू आली, आणि पिराजी हात जोडून म्हणाला, "अवो, आपलीच मानसं की! मग पाच काय, धा कमी द्या!"

त्या दिवसापासून ही गाडी पिराजीच्या दुकानाची लक्ष्मी ठरली. खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, दरवर्षी सकाळी आठच्या ठोक्याला त्याचा फोन यायचा. "सायब, गाडी धुऊन आना. खोळंबलोय." दुकानातली पान्या-पकडींची पूजा झाली की गाड्यांत पहिला मान यांच्या गाडीचा. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर हळदकुंकू, दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू. मग पिराजी बाजूला होऊन ओरडायचा, "चला सायब!" आणि दामोदरराव साठी उलटलेल्या वयात शाळकरी पोरासारखे गाडीला किक मारून लिंबं चिरडत पुढे जायचे. परत आले की हातात चुरमुरे-डाळ्यांचा पुडा. तो पुडा नयनाताईंना मिळाला, की त्यांच्या घरची खंडेनवमी झाली.

पिराजीची मुलगी शिवलीला. तिला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ड्रॉइंग जमेना, तेव्हा दामोदररावांनी दोन महिने रविवारी तिला शिकवलं. फी विचारली तर भडकले होते. ती पास झाली, नोकरीला लागली. दामोदरराव ते विसरूनही गेले. शिवलीला त्यांना अजून सर म्हणते.

तर यंदा भाद्रपदात मोटरसायकलचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की गाडी घसरायची. नयनाताई म्हणाल्या, "अहो, पिराजीकडे जा आणि घाला की दोन टायर! त्यात काय विचार करायचा?"

दामोदरराव पिराजीकडे गेले. पिराजीनं चाकं फिरवून पाहिली, जीभ टाळ्याला लावून च्च केलं. "सायब, यावर फिरताय? अवो, जीव हाय का काय?" मग आकडा सांगितला. "चार हजार नऊशे. सगळं धरून."

"बघतो," दामोदरराव म्हणाले.

"बघताय काय? गुरुवारी या. निवांत बसवू, च्या घिऊ. मला थोडं बोलायचंय बी तुमच्याशी."

काय बोलायचंय, हे दामोदररावांनी विचारलं नाही. डोक्यात तक्ता सुरू झाला होता ना. घरी येऊन त्यांनी रेघा मारल्या आणि फोन घेऊन बसले. येलहंका, हेब्बाळ, मल्लेश्वरम, इंदिरानगर, कोरमंगला. पिराजी धरून एकूण अकरा दुकानं. टायरचा मेक तोच, माप तेच, भाव बोला. कानडीत, हिंदीत, कुठे इंग्रजीत. नयनाताई कोथिंबीर निवडता निवडता ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "टायर घेताय का विमान?"

बुधवारी संध्याकाळी तक्ता पूर्ण झाला. सगळ्यात कमी भाव कोरमंगलातल्या एका मोठ्या दुकानाचा. चार हजार एकशे ऐंशी. आणि अकरांत सगळ्यात जास्त कोण? पिराजी. चार हजार नऊशे.

आता इथेच माती खाल्ली. बत्तीस वर्षं या माणसानं हाताखालच्या पोरांना एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. नुसता आकडा बघू नका, आकड्यात काय काय धरलंय ते आधी बघा. नाक्यावरचा माल आणि दारात आणून दिलेला माल एका रकान्यात लिहिला, म्हणून एका कारकुनाला त्यांनी सगळ्यांसमोर झाडलं होतं. आणि स्वतःच्या तक्त्यात? दहा ठिकाणी नुसत्या टायरचा भाव विचारला आणि अकराव्या रकान्यात पिराजीचा 'सगळं धरून' लिहिला. ट्यूब, बसवणावळ, सगळं. पण राग चढला की माणसाला स्वतःचीच शिकवण दिसत नाही. चौदा वर्षं! म्हणजे चौदा वर्षं हा आपल्याला असाच कापत होता की काय? एकदा असं वाटलं की मग प्रत्येक पंक्चर आठवायला लागतं.

गुरुवारी सकाळी दामोदरराव गाडी घेऊन गेले. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती. एक टमटमवाला, दोन कॉलेजची पोरं, एक पोलिसाच्या वर्दीतला. पिराजी पान्याशी झटत होता. यांना पाहून त्याचं तोंड उजळलं. "आलासा? बसा की. हेवढं आटपतो."

दामोदररावांनी बसायचं नाव न घेता तक्ता त्याच्या नाकासमोर धरला. "हे बघ. अकरा दुकानं. सगळ्यात महाग तू. का रे?"

पिराजीनं हात पुसले, कागद घेतला, वाचला. "सायब, ह्यात..." त्यानं सुरुवात केली.

पण ऐकून घ्यायला वेळ कुणाला होता? दामोदररावांच्या तोंडाचा पट्टा सुटला. "मराठी मराठी करून गिऱ्हाईक बांधून ठेवायचं आणि वरून कापायचं, हा तुझा धंदा! आपली माणसं, आपली माणसं! सातशे वीस रुपये, पिराजी! मी डोळे झाकून विश्वास टाकला तुझ्यावर!"

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. दोघांतलं बोलणं दोघांत राहिलं असतं, कारण तिथे दुसऱ्या कुणाला मराठी कळत नव्हतं. पण नाही. सगळ्यांना कळलं पाहिजे, म्हणून त्यांनी गिऱ्हाइकांकडे वळून आपल्या मोडक्या कानडीत पुन्हा सांगितलं, "नोडी, इवरु मोसा माडतारे!" बघा, हा माणूस फसवतो.

वर्दीवाल्यानं पिराजीकडे पाहिलं. टमटमवाल्यानं आपल्या चाकाकडे पाहिलं. पिराजीचा आवाज चढला नाही. त्यानं कागदाची नीट घडी घातली आणि परत दिली.

"सरी, बरं सायब," तो म्हणाला. "तिथंच घ्या. टायरावरची तारीख तेवढी बघून घ्या."

"मला शिकवू नकोस," असं म्हणून दामोदरराव निघाले. आतल्या बाजूला भिंतीला टेकून दोन नवे टायर उभे होते, ते त्यांना दिसले होते. पण दुकान टायरचंच, टायर असणारच.

येलहंक्याहून कोरमंगला. रहदारीत पावणेदोन तास. दुकान काचेचं, आत गार वारा, बसायला सोफा. काउंटरवर प्राणेश नावाचा तरुण. गाडी आत गेली, जुने टायर निघाले, नवे चढले. मग बिल आलं. टायर चार हजार एकशे ऐंशी. दोन ट्यूब नऊशे वीस. बसवणावळ दीडशे. बॅलन्सिंग एकशे दहा. एकूण पाच हजार तीनशे साठ.

"हे काय? तुम्ही एकेचाळीसशे ऐंशी सांगितलं होतं!"

"टायरचे सांगितले होते, सर. तुम्ही टायरचेच विचारले," प्राणेश शांतपणे म्हणाला. खरंच होतं ते.

दामोदररावांनी शेवटचं अस्त्र काढलं. "आमच्या इथला माणूस चार हजार नऊशेला देतो. ट्यूब, बसवणावळ, सगळं धरून."

प्राणेश हसला. मग यांचा चेहरा बघून हसू आवरलं. "सर, हाच मेक? सगळं धरून? त्या भावात आम्हाला स्वतःला माल पडतो. मजुरी तर सोडाच. कोण आहे तो? नातेवाईक आहे का तुमचा?"

दामोदररावांनी पैसे दिले. बाहेर येऊन गाडीशेजारी उकिडवे बसले आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. टायर बनल्याचा आठवडा आणि साल. तीन वर्षं गोदामात पडलेला माल होता. आत परत गेले, तर प्राणेश म्हणाला की एकदा चढवलेला टायर परत घेत नाहीत, बोर्ड लावलाय बघा. बोर्ड होता.

घरी आल्यावर नयनाताईंनी विचारलं, "झालं का? पिराजी काय म्हणाला?"

"काही नाही," ते म्हणाले. पण त्या बाईशी छत्तीस वर्षं संसार झालेला. जेवायच्या आत तिनं सगळं काढून घेतलं. कानडीत काय बोलले तेसुद्धा. ते ऐकल्यावर मात्र ती हसली नाही, रागावलीही नाही. भाताचं भांडं झाकून म्हणाली, "उद्या जाऊन माफी मागा त्याची. त्याच्या दुकानात, त्याच चार माणसांसमोर. कानडीत."

"जातो."

जातो म्हणणं किती सोपं असतं! शुक्रवारी पाऊस होता. शनिवारी बँक. सोमवारी ते बाजाराच्या तोंडापर्यंत गेले, दुकानात गर्दी दिसली आणि मागे फिरले. गर्दी असली तर सगळ्यांसमोर कसं बोलायचं, आणि नसली तर नुसतं समोरासमोर कसं उभं राहायचं? माणसाला नाही जायचं म्हटलं की कारणं कशी पटापट येतात! मनातल्या मनात त्यांनी माफीची दहा वाक्यं जुळवली. दाढी करताना म्हणून पाहिली. एकही धड जमेना.

मग त्यांना एक तोड सुचली. खंडेनवमी दोनतीन आठवड्यांवर आली होती. त्या दिवशी पिराजीचा फोन येईलच. लक्ष्मी आहे त्याच्या दुकानाची आपली गाडी, असा कसा येणार नाही? फोन आला की जायचं, माळ घालून घ्यायची, आणि तिथेच त्याचे हात धरून म्हणायचं, पिराजी, चुकलो. सणाच्या दिवशी कोण नाही म्हणेल? हा बेत जुळल्यावर त्यांना जरा शांत झोपही लागायला लागली.

खंडेनवमीला ते साडेपाचला उठले. गाडी धुतली, पुसली, चकचकीत केली. आठ वाजले. फोन समोर ठेवून बसले. सव्वाआठ. साडेआठ. नयनाताईंनी पोहे आणून ठेवले, ते गार झाले. गल्लीत लोकांनी गाड्यांना माळा घातल्या, कुणीतरी कोहळा फोडला, पोरं ओरडली. साडेनऊला नयनाताई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी फ्रीजमधून दोन लिंबं काढली आणि नवऱ्याच्या हातावर ठेवली.

"त्याच्या फोनची काय वाट बघताय? चूक कुणाची आहे?"

लिंबं खिशात घालून दामोदरराव निघाले. वाटेत सगळ्या दुकानांना झेंडू, केळीचे खुंट. पिराजीच्या दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं. माळ नाही, उदबत्ती नाही. वाकून आत गेले तर शिवलीला एकटीच खोक्यांना दोरी बांधत होती. हवेचं यंत्र नव्हतं. फळीवरचे पाने नव्हते. भिंतीवर त्यांच्या जागी काळे डाग तेवढे राहिले होते.

"सर!" ती उठली. पाठीमागून एक स्टूल ओढलं. "बसा, सर."

"पिराजी कुठाय?"

"बाबा निपाणीला गेले. आईला घेऊन. गेल्या रविवारी." तिनं त्यांच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "तुम्हाला नाही सांगितलं का त्यांनी? मालकानं ही जागा विकली ना. आईचे गुडघेही गेलेत, तिला इथलं जमत नव्हतं. काकांचं दुकान आहे तिकडे, त्यात बसणार आता. मी आज रिकामं करून किल्ली देते."

दामोदरराव स्टुलावर बसले. "मला नाही बोलला तो."

"टायर बसवताना सांगीन म्हणत होते. गुरुवारी. तुमचं हे इथलं शेवटचं काम, सावकाश करायचं, असं आईला सांगून आले होते. ते दोन बघा, तुमचेच आणून ठेवले होते."

ते दोन टायर अजून भिंतीला टेकून उभे होते. दोन्हींवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दामोदर सायब'. दामोदरराव उठून जवळ गेले, चष्मा वर करून कडेवरचे आकडे वाचले. दोन महिन्यांचा ताजा माल होता.

"भाव..." ते टायरकडे बघतच म्हणाले. "भाव असा का सांगितला त्यानं मला? त्यात त्याला काहीच सुटत नव्हतं."

"त्यांना पैसेच घ्यायचे नव्हते," शिवलीला म्हणाली. "तुम्ही मला शिकवलंत त्याचं म्हणून. पण बाबा म्हणाले, फुकट दिलं तर सर घेणार नाहीत, त्यांना हिशोब लागतो. म्हणून खरेदीचा आकडा सांगितला."

दामोदररावांना वाटलं, हिनं रागवावं, चार शब्द सुनवावेत. तिला ते सगळं ठाऊक होतं की नव्हतं, चेहऱ्यावरून काही कळेना. ते म्हणाले, "फोन लावून देशील का? माझा तो उचलेल न उचलेल."

तिनं लावला. उचलला लगेच. मागे कुठेतरी हलगी वाजत होती, माणसांचा गलबला होता.

"पिराजी, मी बोलतोय."

"नमस्कार सायब." आवाज तोच. "गाडी धुतली का?"

हे ऐकल्यावर त्यांनी पाठ केलेली दहाही वाक्यं कुठल्या कुठे गेली. "धुतली," ते म्हणाले. "पिराजी, माझं चुकलं रे. मी बोलायला नको होतं तसं. त्या लोकांसमोर तर नकोच होतं. मी नीच माणूस आहे."

"असू द्या वो. सणासुदीचं काय बोलताय असलं! मी कवाच इसरलो."

विसरला नव्हता. विसरलेला माणूस इतक्या पटकन विसरलो म्हणत नाही, हे दामोदररावांनाही कळलं. चौदा वर्षांत पिराजी कधी त्यांच्याशी असा बेतानं बोलला नव्हता. प्रत्येक वाक्याला त्यांची थट्टा करायचा, ओरडायचा, अवो-अवो करायचा. आता पाहुण्याशी बोलावं तसा बोलत होता.

"हे टायर मी घेतो," ते घाईघाईनं म्हणाले. "माझ्या नावाचे आहेत ना? मी घेतो. बोल, काय भाव?"

पलीकडे हलगी वाजत राहिली. मग पिराजी म्हणाला, "आदी चार ठिकाणी इचारून घ्या, सायब. मग पोरीला सांगा. बरं हाय, ठिवतो. पूजेला बलवाय लागलेत."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा मारणारा माणूस अजून आपला असतो. पिराजी मनापासून सांगत होता. या गिऱ्हाइकाला कसं वागवायचं हे त्याला कळलं होतं, आणि तो तसं वागवत होता.

शिवलीलेनं फोन घेतला. ओलं फडकं पिळून ती टायरांजवळ गेली, पण पुसायला हात होईना. "सर, दुपारी डीलरचा माणूस परत न्यायला येणार आहे. तुम्ही घेताय का? नाहीतर नाव पुसते."

"घेतो म्हटलं ना! तू सांगशील तो भाव."

तिनं फडकं बोटाला गुंडाळलं, सोडलं. ड्रॉइंगच्या वहीवर रेघ चुकली, की रुमालाचं असंच करायची. मग अगदी साधेपणानं, खरंच कळत नसल्यासारखी म्हणाली, "सर, जास्त सांगितलं तर बाबांना आवडणार नाही. आणि कमी सांगितलं तर तुम्हाला वाटेल यात काहीतरी आहे. मग मी काय सांगू? तुम्हीच सांगा."

बत्तीस वर्षं हजारो मालांचे रास्त भाव ठरवलेल्या माणसाला त्या दोन टायरांचा भाव सांगता येईना. त्यांनी खिशात हात घातला, तर पाकिटाऐवजी दोन लिंबंच हाताला लागली.

शिवलीलेनं जरा वाट पाहिली. मग खाली बसली आणि फडक्यानं पहिल्या टायरवरचं नाव पुसायला लागली.